कोयनाच्या पाठीवरचा पट्टा : हार्नेस किट एक हंगाम वापरून

शिकारी पक्ष्याच्या पट्ट्याच्या किटचं पाकीट फोडल्यावर आधी फीत काढली आणि अंगठा-तर्जनीत धरून चोळली. मिरजेला आमच्या ओसरीवर आईचं शिवणाचं मशीन असायचं. कापड डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखायचं, हे तिनं मला शाळेत असतानाच शिकवलं. आज लेस्टरमध्ये माझं ऑल्टरेशनचं छोटं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर हातात नाड्या, फिती, चेन, अस्तर हेच. तर ही फीत चांगली आहे. पाव इंच रुंद, म्हणजे सहा मिलिमीटरच्या किंचित वर. टेफ्लॉनच्या धाग्याची, आतून पोकळ, नळीसारखी विणलेली. कडेला कुठे गाठ नाही, बोटाला कुठे धार लागत नाही. ओली करून पाहिली तर पाणी धरत नाही. दोन्ही हातांनी ताणली तर लांबत नाही. जिवंत अंगावर महिनोन् महिने राहायची वस्तू अशीच हवी.

शिकारीला सोडलेला पाळीव पक्षी कुठे आहे ते कळावं म्हणून त्याच्या पाठीवर ट्रान्समीटर, म्हणजे सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र, बसवायला जो पट्टा लागतो, त्याच्या घरी शिवायच्या किटबद्दल हे लिहिते आहे. शाळेच्या दप्तरासारखा दोन्ही खांद्यांवरून येणारा, म्हणून याला बॅकपॅक हार्नेस म्हणतात. किट ३८ पौंडांचं, टपालखर्च वेगळा. दुकानाचं नाव देत नाही, कारण त्यांच्याशी माझं अजून पुरतं मिटलेलं नाही. आणि तसंही बाजारात मिळणारी बहुतेक किटं याच घडणीची असतात, त्यामुळे माझं म्हणणं दुसरं कुठलं किट घेणाऱ्यालाही लागू पडेल.

माझ्या पक्षिणीचं नाव कोयना. हॅरिस हॉक जातीची मादी. ही जात मूळची अमेरिकेच्या नैऋत्येपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या रखरखीत मुलखातली. रानात हे पक्षी कुटुंबानं, टोळीनं शिकार करतात. त्यामुळे माणसाची सोबत त्यांना जमते आणि ब्रिटनमध्ये नवशिक्यांपासून मुरलेल्यांपर्यंत खूप जणांकडे हीच जात दिसते. इथे पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी पाळता येतात. कोयनाच्याही पायात पिल्लू असताना घातलेलं बंद कडं आहे. हा तिचा चौथा हंगाम. शिकारीच्या दिवसांत तिचं वजन ९३५ ते ९४० ग्रॅमच्या आसपास ठेवते, उन्हाळ्यात पिसं टाकताना ती १,०८० पर्यंत जाते. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढे त्यांच्यावरूनच माझी चूक झाली.

पट्ट्याच्या वाटेला मी का गेले, ते सांगते. आधी ट्रान्समीटर शेपटीवर असायचा. शेपटीच्या मधल्या दोन पिसांपैकी एकाच्या दांड्यावर, अगदी मुळाशी, पितळी चाप डिंकानं आणि पकडीनं घट्ट करायचा आणि त्यात ट्रान्समीटर अडकवायचा. हलकं काम, पक्ष्याला जाणवतही नाही. पण सगळा भार एका पिसावर. मागच्या वर्षी जानेवारीत कोयना एका सशामागे काट्यांच्या कुंपणात घुसली. ससा निसटला, ती पलीकडून उडाली आणि दिसेनाशी झाली. रिसीव्हर हातात, सिग्नल स्पष्ट, एका जागी स्थिर. आम्हाला वाटलं, शिकार धरून बसली असेल. मी आणि नवरा कुंपणाच्या कडेकडेनं वाकून शोधत गेलो. हॉथॉर्नच्या काट्यात ट्रान्समीटर लटकत होता, चापासकट, पिसासकट. पिसाच्या मुळाशी रक्ताचा ठिपका होता. पक्षी नव्हता.

त्या संध्याकाळी साडेचारला अंधार पडला. आम्ही शिट्ट्या मारत, हातमोज्यावर मांस धरून तीन शेतं पालथी घातली. पायातल्या घुंगरांचा आवाज येतो का म्हणून मधेच थांबून श्वास रोखून उभी राहायचे. कोयनाच्या पायात दोन पितळी घुंगरं आहेत. जुन्या पद्धतीप्रमाणे एकाचा स्वर दुसऱ्यापेक्षा अर्ध्या स्वरानं खाली, सा आणि कोमल रे जवळजवळ ठेवावेत तसा. दोन स्वर एकमेकांना टोचतात, म्हणून आवाज लांबवर कळतो. ट्रान्समीटर नव्हते तेव्हा शेकडो वर्षं याच घुंगरांवर पक्षी शोधले गेले, आणि लाहोरी घुंगरांना तर जगभरच्या शिकाऱ्यांत मान होता. सतारीच्या गावात वाढलेल्या माझ्या कानाला ते दोन स्वर झोपेतही ओळखता येतील. त्या रात्री ते आले नाहीत. सकाळी सात वाजता एका गोठ्याच्या पत्र्यावर ती बसलेली सापडली, भुकेली, शेपटी मधून उसवल्यासारखी. हातावर आली तेव्हा मी रडले. त्याच दिवशी ठरवलं, पुन्हा एका पिसाच्या भरवशावर सोडायचं नाही.

आता किट.

आत काय येतं : दोन मीटर फीत, पाठीवर बसणारी काळी चकती, तिच्या खाली लावायची मऊ गादी, छातीवर येणारा चामड्याचा तुकडा, सुई, काळा दोरा आणि चार पानी माहितीपत्रक. चकती पेटीतल्या डॉमिनोएवढी, चारही कोपऱ्यांना खाचा, वर ट्रान्समीटरचा चाप बसण्यासाठी खोबण. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चकती, गादी आणि लागेल तेवढी फीत मिळून ५ ग्रॅम भरलं. माझा जीपीएसचा ट्रान्समीटर १३ ग्रॅमचा. एकूण १८. पाठीवरचं ओझं अंगाच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत असावं, असा पक्षिअभ्यासकांत पूर्वापार दंडक आहे. कोयनाच्या ९३५ ग्रॅमला तो २८ येतो. आम्ही दोन टक्क्यांच्याही आत आहोत. लहान नर पाळणाऱ्यांनी मात्र हा हिशोब विकत घेण्याआधी करावा, कारण हॅरिसचा नर मादीच्या दोन तृतीयांशच भरतो आणि चकती तीच येते.

पट्टा बसतो कसा, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. चकती दोन पंखांच्या मधे, पाठीवर. पुढच्या दोन खाचांतून दोन फिती निघतात, मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली येतात आणि छातीच्या मधल्या उभ्या हाडावर संपतात. मागच्या दोन खाचांतून निघालेल्या दोन फिती पंखांच्या मागून, काखेखालून तिथेच येतात, आणि चारही टोकं फुलीसारखी एकावर एक शिवतात. म्हणजे सगळा डोलारा दोन गोष्टींवर, पाठीवरची चकती आणि छातीवरचा फुलीचा टाका. फुली सरकली की एक बाजू सैल आणि दुसरी काचणारी. फुली हाडाच्या वर गेली तर गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीवर दाब येतो. भरपेट खाल्ल्यावर ती पिशवी लिंबाएवढी फुगते, तिला जागा हवी.

इतकं सगळं जिच्यावर अवलंबून, त्या फुलीसाठी किटमध्ये दिलेली सुई चामड्याची होती. तिचं टोक तीन धारांचं असतं, ते भोक पाडत नाही, कापतं. चामड्याला ते चालतं. विणलेल्या फितीला असली सुई घातलीत तर प्रत्येक टाक्याला दोन-चार धागे तुटतात. वरून काहीच दिसत नाही. दोन महिन्यांनी तिथेच फीत उसवते. विणीला नेहमी बोथट, गोल टोकाची सुई घ्यावी, जी धागे बाजूला सारून मधून जाते. कॅनव्हासवर भरतकाम करायची जाड सुई असते ना, तिची सगळ्यात बारीक जात मी वापरली. पाकिटाला २ पौंड. दुकानवाल्यांनी पक्षी आयुष्यभर पाळले असतील, पण शिवण हा वेगळा धंदा आहे, आणि इथे पक्ष्याचा जीव शिवणीवर टांगलेला आहे.

दोऱ्याबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. किटमधला दोरा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला, न कुजणारा. काही जण दात साफ करायचा फ्लॉस वापरतात, तोही तसाच चिवट. चकतीच्या खाचांशी मी तो आनंदानं वापरला. पण छातीवरच्या फुलीला मी साधा सुती दोरा घातला. कारण विचार करा, एक दिवस कोयना खरंच हरवली आणि ट्रान्समीटरची बॅटरी संपली. ती जगली तर रानात वर्षानुवर्षं जगेल, आणि पाठीवर हे दप्तर घेऊन. एखादी फांदी फितीखाली शिरली की संपलं. सुती दोरा पावसात, अंगाच्या उबेत, चोचीच्या चाळ्यात हळूहळू विरतो. तो तुटला की फुली सुटते आणि चारही फिती एकदम मोकळ्या होऊन सगळं अंगावरून गळून पडतं. वेगळ्या ठिकाणी तुटलं तर अर्धवट लोंबत राहतं, ते तर आणखी वाईट. म्हणून कमकुवत जागा ठेवायची तर एकच, आणि ती फुलीवरच. माझा हंगाम सहा महिन्यांचा असतो, तेवढं सुती दोरा निभावतो. मी दर आठवड्याला तो बघते.

आता जे वाचून मला राग आला, ते. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं : कापलेल्या टोकांचे धागे सुटू नयेत म्हणून ती लायटरवर धरून वितळवून घ्या. नायलॉनच्या नाडीला आपण असंच करतो, मीही दुकानात रोज करते. पण हे टेफ्लॉन आहे. नॉनस्टिक तव्याला असतं तेच. खूप तापलं की त्यातून जो वायू निघतो तो पक्ष्यांच्या फुफ्फुसांना मारक असतो. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला आणि शेजारच्या खोलीतले पोपट मेले, ही पक्षी पाळणाऱ्या घरांतली फार जुनी आणि खरी भीती आहे. कोयना घरात आली त्याच आठवड्यात मी आमचे नॉनस्टिक तवे काढून टाकले आणि आईनं दिलेला बिडाचा तवा चुलीवर चढवला. पक्षी पाळणाऱ्यांना विकायच्या वस्तूबरोबर हा सल्ला छापलेला असावा, हे मला अजून सहन होत नाही. टोकांसाठी योग्य रीत सोपी आहे. फीत तिरकी कापा, टोकाला सुपरग्लूचा एक थेंब द्या, बोटांना चिकटू न देता दाबा आणि रात्रभर पक्ष्यापासून दूर वाळू द्या. तिरकं वाळलेलं टोक सुईसारखं कडक होतं, खाचेतून ओवायलाही तेच बरं पडतं.

मी दुकानाला लिहिलं. उत्तर नम्र आलं, पुढच्या छपाईत बघू म्हणाले. मी एप्रिलमध्ये एका ओळखीच्या मुलीसाठी दुसरं किट मागवलं, त्यातही पान तेच होतं.

शिवायला बसण्याआधी मी सराव केला. आमचे गुरू वेल्समधले, सत्तरीच्या पुढचे. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांनी मला मेलेली फेझंट कोंबडी आणून दिली. वजन जवळपास कोयनाएवढंच. "जिच्यावर चूक चालते तिच्यावर आधी कर," म्हणाले. दोन संध्याकाळी मी त्या कोंबडीवर पट्टा बांधला, उसवला, पुन्हा बांधला. बाईच्या अंगाचं माप घेताना मी खांदा ते खांदा आधी घेते. इथे तसं चालत नाही. पक्ष्याचा खांदा हलतो, पंख उघडला की सगळं माप बदलतं. न बदलणारी एकच जागा, छातीचं हाड. माप तिथून वर घ्यायचं, दोन्ही बाजूंनी. फितीवर पेनानं खुणा करू नका, शाई टेफ्लॉनवर टिकत नाही. मी दर सेंटिमीटरला लाल दोऱ्याचा एकेक कच्चा टाका घातला. डावीकडे आणि उजवीकडे टाके मोजले की बरोबरी कळते.

खरं काम सप्टेंबरमधल्या एका रविवारी केलं. सकाळी कोयनाला काही खायला दिलं नव्हतं, पोट रिकामं होतं. आजोबांनी तिला टॉवेलात धरलं. पंख अंगाशी मिटलेले, पाय मागे, डोक्यावर हलकं कापड. धरणाऱ्याचं काम शिवणाऱ्यापेक्षा अवघड. जोरात धरलं तर श्वास कोंडतो, सैल धरलं तर एक झटका आणि पीस मोडतं. छातीची पिसं पाण्याच्या थेंबानं जराशी ओली करून बाजूला केली तेव्हा तिची कातडी दिसली. कागदासारखी पातळ, फिकट गुलाबी, आणि तिच्याखाली काळीज इतकं भराभर उडत होतं की मला सुई बाजूला ठेवावी लागली. आजोबा म्हणाले, "घाई नको, पण थांबूही नकोस." फितीच्या फुलीखाली मी किटमधला चामड्याचा तुकडा घातलाच नव्हता. तो जाड होता, भिजून वाळला की लाकूड होतो. त्याच्याजागी कांगारूच्या पातळ चामड्याचा नाण्याएवढा गोल कापला होता. पक्ष्यांच्या पायातल्या पट्ट्यांना पूर्वीपासून हेच चामडं आवडीनं वापरतात. पातळ असून चिवट, आणि भिजलं तरी मऊ राहतं. सुईखाली, कातडी आणि फितीच्या मधे, मी आइस्क्रीमची लाकडी काडी सरकवली, म्हणजे टोक चुकूनही अंगात जाणार नाही. आठ टाके, प्रत्येक टाका नळीच्या दोन्ही थरांतून. मग गाठ, गाठीवर गाठ, आणि दोरा आत ओढून घेतला. बावीस मिनिटं लागली. आईला रात्री फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "तिला टोचत नाही ना गं?"

टोचत नव्हतं, पण काच आणि सैल यांतला हिशोब माझा चुकला. सप्टेंबरमध्ये कोयना १,०८० ग्रॅमची होती, पिसं टाकण्याच्या दिवसांतली धष्टपुष्ट. चकतीखाली माझी करंगळी जेमतेम जात होती, मी खूश. ऑक्टोबरच्या मध्यावर ती ९४० वर आली आणि तोच पट्टा तिच्या अंगावर मोठ्या बहिणीच्या झग्यासारखा झाला. एका सकाळी ती छातीची पिसं साफ करत होती आणि तिची खालची चोच फितीखाली अडकली. दोन क्षण. मान खाली, डोळे विस्फारलेले. मग तिनंच हिसडा देऊन सोडवली. मी काचेच्या दारातून पाहत होते आणि माझे पाय गळाले. सैल पट्टा घट्ट पट्ट्याइतकाच घातक, हे मला वाचून नाही, त्या दोन क्षणांत कळलं. तिच्या पंजाचं नख अडकलं असतं तर तिला स्वतःला सोडवता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी आजोबांना बोलावलं. सुती फुली कापली, दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर आत घेतलं, पुन्हा शिवलं. आता माझा नियम असा : पट्टा शिकारीच्या वजनाला बेतायचा, त्या वजनाला करंगळी चकतीखाली सहज जावी, अंगठा जाऊ नये. मग भरपेट खायला घालून पुन्हा बघायचं, गळ्याखालची पिशवी फुगल्यावर फिती तिला कापत तर नाहीत ना. आणि वजन वाढवायच्या दिवसांआधी, म्हणजे हंगाम संपताच, पट्टा काढायचा. पट्टा वर्षभर अंगावर ठेवणारे लोक आहेत, त्यांना मधलं माप शोधावं लागतं. मला ते धोक्याचं वाटतं. माहितीपत्रकात वजनाबद्दल एक शब्द नाही.

किटचा आणखी एक दोष तिसऱ्या आठवड्यात सापडला. चकतीच्या मागच्या दोन खाचांना फितीची टोकं कारखान्यातच शिवून आली होती, त्याला ते सोयीचं म्हणतात. डावीकडे माझा लाल टाका चार मिलिमीटर सरकलेला दिसला. भिंगाखाली पाहिलं तर मशीनचा टाका नळीच्या एकाच थरातून गेला होता, दुसरा थर आतून मोकळा. मी दोन्ही टोकं उसवून हातानं शिवली. दुकानानं नवी चकती विनातक्रार पाठवली, त्याबद्दल त्यांचे आभार. पण नवी आली तरी तिचे टाके तुम्ही स्वतः तपासा, फीत उलटून.

तरीही एवढा खटाटोप कशासाठी, तर नोव्हेंबरमधल्या एका दुपारसाठी. कोयना सशामागे रस्त्यापलीकडे गेली आणि एका चरात उतरली. वर ब्रॅम्बलच्या काटेरी झुडपाची जाळी, बाहेरून काही दिसत नाही, घुंगरांचा आवाज नाही कारण ती शिकारीवर पंख पसरून स्तब्ध बसली होती. शेपटीवरचा ट्रान्समीटर अशा वेळी अंगाखाली, चिखलात दबतो. पाठीवरचा मात्र आभाळाकडे तोंड करून असतो. फोनच्या नकाशावर ठिपका दिसत राहिला, सहाशे मीटरवर. मी थेट चरापाशी जाऊन उभी राहिले. जाळीतून आधी अँटेनाची काळी तार दिसली, मग तिचा विटकरी खांदा. तिच्या पंजात ससा होता. कोल्हा येण्याआधी मी पोहोचले, इतकंच मला हवं होतं.

रोजच्या वापरात तिला पट्ट्याचं काही वाटतं का? पहिले दोन दिवस तिनं फिती चोचीनं ओढल्या. तिसऱ्या दिवशी पिसं त्यांच्यावरून बसली आणि फिती दिसेनाशा झाल्या, फक्त तार बाहेर. उडण्यात मला फरक दिसला नाही. पण मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, आणि आजोबांच्या मते चढावर ती पहिले पंधरा दिवस किंचित जड वाटत होती. त्यांची नजर माझ्यापेक्षा जुनी आहे, म्हणून त्यांचं म्हणणं इथे नोंदवते. मार्चअखेर फुली कापून पट्टा काढला तेव्हा छातीच्या हाडावर, चामड्याच्या गोलाखाली, बोटाच्या पेराएवढी पिसं झिजलेली होती. कातडी स्वच्छ, लाली नाही, खपली नाही. फीत धुऊन वाळवली, भिंगाखाली पाहिली. माझ्या टाक्यांजवळ एकही धागा तुटलेला नाही. दोन मीटरमधली उरलेली मी जपून ठेवली आहे.

मिरजेच्या एका भाच्यानं फोटो पाहून विचारलं, शिक्र्याला असं बांधता येईल का. त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिक्रा, ससाणा, घार, काहीही धरता किंवा पाळता येत नाही. आणि ते योग्य आहे. एकेकाळी राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांत ससाणे असत, तो काळ गेला. जखमी पक्षी सापडला तर खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाला कळवायचं, बस. पण पाठीवरचं दप्तर भारताला नवं नाही. २०१३ साली नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले होते. नागा, वोखा आणि पंगती अशी त्यांची नावं. ट्रान्समीटर अवघे ५ ग्रॅमचे, सौरऊर्जेवरचे, कारण पक्षीच कबुतराहून लहान. ते भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांचे ठिपके आम्ही सगळे संगणकावर बघत बसायचो. ताडोबातून सोडलेल्या गिधाडांच्या पाठीवरही ट्रान्समीटर होते. त्या प्रत्येक पक्ष्याला कुणीतरी हातात धरलं, माप घेतलं आणि पट्टा बेतला. रानातल्या पक्ष्याचं माप एकदाच घेता येतं, माझ्यासारखं ऑक्टोबरमध्ये उसवून आत घेता येत नाही. ते काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

तर किट घ्यावं का? हो. ही फीत सुटी मिळवायला मला फार हिंडावं लागलं, आणि चकती घरी बनवणं माझ्या आवाक्यात नव्हतं. ३८ पौंडांतले ३० मी या दोन वस्तूंचेच समजते. शिवण येत नसेल तर शिवणाऱ्या माणसाला सोबत बसवा, आणि पक्षी धरायला मात्र मुरलेलाच माणूस हवा. एकट्यानं करायचं हे काम नाही.

सध्या कोयना पिसं टाकते आहे. काल शेपटीचं मधलं पीस पडलं, मागच्या वर्षी जानेवारीत उपटलं गेलं होतं त्याच जागेवर पुन्हा उगवलेलं, जरा आखूड, पण सरळ. सप्टेंबरच्या पट्ट्यासाठी दोन फिती तिरक्या कापून, टोकांना डिंक देऊन, दुकानातल्या वरच्या फळीवर वाळत टाकल्या आहेत.